बुधवारचं टपाल

मल्हारी गोटीराम गायखे ऊर्फ नाना यांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द म्हणजे, "चपला बाहेर."

ते ऑफिस म्हणजे इंदिरानगरमधल्या एका रो-हाउसचा तळमजला. पुढच्या खोलीत दोन टेबलं, मागच्या खोलीत द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांचे ढीग, आणि सगळीकडे पुठ्ठ्याचा वास. चपला बाहेर काढाव्यात इतकं पवित्र तिथं काही नव्हतं. पण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं नानांनी कुठंतरी ऐकलं होतं आणि त्यांनी ऐकलेली गोष्ट म्हणजे सरकारी परिपत्रक. मी नामपूरची, कोर्स करून नुकतीच नाशिकला आलेली, डोक्यात थोडी हवा. हा म्हातारा मला कॉम्प्युटर शिकवणार की काय, असं वाटून मी चपला काढल्या आणि तोंड वाकडं केलं. पहिला महिनाभर आमचं काही जमलं नाही.

नाना नाशिकरोड स्टेशनावर रेल्वेच्या टपाल खात्यात सॉर्टर होते. म्हणजे गाडीतून उतरलेले थैले फोडायचे, पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची, जुड्या बांधायच्या आणि पुढच्या गाडीला थैले चढवायचे. आयुष्यभर हेच केलं. रिटायर झाले तेव्हा अंगात तीच सवय राहिली. पळशाच्या घरी बायकोनं मसाल्याचे डबे कसे लावावेत यावरून ते भांडायचे. त्या माउलीनंच शेवटी आमच्या मालकांना सांगितलं म्हणे, की यांना कुठंतरी कामाला लावा, नाहीतर मी माहेरी जाते.

मालक म्हणजे खंडेराव विधाते. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. मखमलाबादचं माळ्याचं घर, आधी फुलं आणि भाजी. आप्पांच्या फुलांच्या पाट्या रेल्वेनं मुंबईला जायच्या तेव्हापासून त्यांची आणि नानांची ओळख. पुढं द्राक्षं लावली, मग पिंपळगावला भाड्यानं पॅकहाउस घेतलं आणि दुबईला माल पाठवायला सुरुवात केली. १९९९ साली ऑफिसात इंटरनेट आलं. आप्पांना वाटलं, आता धंदा सोपा होणार. झालं उलटंच.

ईमेलचा पत्ता एक आणि तो उघडणारे दहा. दुबईच्या व्यापाऱ्यानं भाव विचारला की आप्पांचा एक पुतण्या एक भाव कळवायचा, दुसरा संध्याकाळी येऊन दुसराच कळवायचा. तो व्यापारी वैतागून फोन करायचा की तुमच्याकडे नक्की दुकानं किती आहेत? एकदा जहाजाच्या एजंटानं कागद मागितले होते. ते पत्र लॉटरी लागल्याच्या आणि केस उगवण्याच्या जाहिरातींखाली असं गाडलं गेलं की अख्खा कंटेनर बंदरावर उन्हात उभा राहिला. आप्पांनी त्या दिवशी सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी पळशाला गाडी पाठवून नानांना आणलं.

नानांना तेव्हा माउस कुठल्या हातात धरतात हेही माहीत नव्हतं. पण त्यांनी पडद्याकडे बघितलं, ती भली मोठी यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "अरे, हे तर न फोडलेले थैले हायेत." आणि कामाला लागले.

त्यांची पद्धत साधी होती. सकाळी दहाला आणि दुपारी चारला, असं दोनदा टपाल उतरवायचं. मधल्या वेळात ईमेलच्या पेटीला कोणी हात लावायचा नाही. उतरलेलं टपाल आधी खणांत टाकायचं, वाचायचं नंतर. फोल्डर हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, ते खणच म्हणायचे. पॅकहाउसचा खण, एजंटाचा खण, बँकेचा खण, प्रत्येक व्यापाऱ्याचा वेगळा. जाहिराती गेल्या "बेवारस" खणात. उत्तर एकच माणूस देणार, आणि उत्तर गेल्याशिवाय कुठलंही पत्र मिटलं असं म्हणायचं नाही. संध्याकाळी निघताना कचऱ्याची पेटी रिकामी करायची, कारण त्या काळी पेटीत जागा कमी असायची आणि ती भरली की नवीन टपाल परत जायचं. टपाल परत जाणं म्हणजे नानांच्या दृष्टीनं घरातला पाहुणा उपाशी जाण्यासारखं होतं.

मी वाद घातला. म्हटलं, "नाना, आत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुठल्या खणात जाईल हे कसं ठरवायचं?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं. कोणाकडून आलं आणि कशाबद्दल, बास. सॉर्टर पाकीट फोडत नाय, पोरी. फोडायला लागला की वाचत बसतो, आणि वाचत बसला की गाडी सुटती."

त्यांनी खरोखर सगळ्या व्यापाऱ्यांना कळवलं, की विषयाची जागा मोकळी सोडू नका आणि एका पाकिटात दोन टपालं घालू नका. लोक हसले असतील, पण पाळायला लागले. दोन महिन्यांत आमच्या ऑफिसात आरडाओरडा बंद झाला. आप्पा गल्लीतल्या लोकांना बोलावून ती पेटी दाखवायचे, जसं काही नवीन देवघर बांधलंय. मीही हळूहळू नानांची पद्धत उचलली. आज मी स्वतःचं काम करते, तरी सकाळी दहा आणि दुपारी चार सोडून पेटी उघडत नाही. पद्धत चांगलीच होती. म्हणूनच जे झालं त्याचा दोष कुठं ठेवावा हे मला अजून कळत नाही.

आप्पांचा थोरला मुलगा रविराज. दुबईला माल उतरताना तिथं घरचं माणूस पाहिजे, म्हणून २००० साली आप्पांनी त्याला पाठवलं. उंच, सावळा, बोलताना डोक्यावरून हात फिरवायची सवय. फोन महाग, म्हणून रविवारी एकदा फोन आणि बाकी सगळं ईमेलवर. नानांच्या शिस्तीनं तोही दोन वेगळी पत्रं लिहायचा. धंद्याचं पत्र कंटेनरच्या नंबरानं यायचं आणि आईचं पत्र "घर" एवढाच विषय लिहून. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. नानांनी त्याचा एक खण केला होता, "रविराज". घरची पत्रं त्यात जायची आणि बुधवारपर्यंत तशीच बंद राहायची.

बुधवार का, तर रविराजची आई सखुबाई बुधवारच्या बाजाराला फुलं घेऊन यायची. घरचा माल जहाजानं जायला लागला तरी तिनं गोदाकाठची आपली जागा सोडली नव्हती. आप्पा चिडायचे, "आपल्याला शोभतं का?" ती म्हणायची, "तुमची द्राक्षं तुम्हांला शोभू द्या." दुपारी बाजार आटोपला की रिकामी पाटी काखोटीला मारून ती रिक्षानं ऑफिसात यायची. खुर्ची पुढं केली तरी फरशीवरच बसायची. उरलेली शेवंती कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवायची. नाना ती उचलून बाजूला ठेवायचे, धूळ आणि पाकळ्या आत जातील म्हणून. पुढच्या बुधवारी ती परत तिथंच ठेवायची.

मग नाना चष्मा पुसून, घसा खाकरून पत्र उघडायचे. तिला वाचता येत नव्हतं. नाना बातम्या दिल्यासारखे वाचायचे, त्यामुळे सुरुवातीला मला हसू यायचं. रविराज लिहायचा, इथं मेथीची जुडी आपल्या जुडीच्या निम्मी असते आणि लोक ती फुलांसारखी पाण्यात उभी करून ठेवतात. खोलीतला केरळचा पोरगा चहा सोडून सगळ्यात नारळ घालतो. आई, तू विचारलंस म्हणून सांगतो, इथं थंडी पडते पण शेकोटी करायला लाकूड कुठं आहे? सखुबाई ऐकताना ओठ हलवायची, आणि कधी कधी म्हणायची, "ते मेथीचं परत वाचा." नाना परत वाचायचे.

मग उत्तर. ती सांगायची, नाना टाइप करायचे. सुरुवात ठरलेली, "रविराज, तुझं पत्र मिळालं."

"वहिनी, ते त्याला कळतंच की. उत्तर आलं म्हंजी पत्र मिळालं."

"तुम्ही लिहा. सांगितल्याबिगर कसं कळंल त्याला?"

दर बुधवारी हा एवढा वाद व्हायचाच. मला ते दोघं त्या वेळी फार आवडायचे.

आता पुढचं सांगायचं तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ती आम्हांला कितीतरी वर्षांनी कळली, पण तुम्हांला आत्ता कळली नाही तर पुढचं सगळं फुकट जाईल.

२००३ चा फेब्रुवारी, ऐन सीझन. आडगावची एक मुलगी सखुबाईनं पाहून ठेवली होती. पाहुण्यांना शब्द दिला होता, की महाशिवरात्रीला पोरगा येतोय. दिवाळीला तो येणार होता, आला नव्हता. रविवारी फोनवर तो म्हणाला, आत्ता निघता येत नाही, माल उतरतोय. सखुबाईचा तोल गेला. ती म्हणाली, "मग येऊच नको. मी मेले तरी येऊ नको." रविराज म्हणाला, "आई, फोनवर नको. सगळं लिहितो. बुधवारी नानांकडून वाचून घे." तिनं उत्तर दिलं नाही, फोन ठेवून दिला. आप्पा शेजारच्या खोलीत होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. तिनंही कोणाला सांगितलं नाही. राग बुधवारी उतरणारच होता.

सोमवारी चारच्या टपालात रविराजचं पत्र आलं. विषय, "घर". नानांनी ते नेहमीसारखं त्याच्या खणात टाकलं. उघडलं नाही. सॉर्टर पाकीट फोडत नाही.

मंगळवारी दुपारी पॅकहाउसवर फोन आला. दुबईच्या बाजारातून परत येताना रविराजच्या गाडीला ट्रकनं उडवलं होतं. जागेवरच गेला.

मी त्या आठवड्यात नामपूरला होते, भावाचं लग्न होतं. त्यामुळे पुढचं मी नानांच्या तोंडून ऐकलं तसं सांगते, आणि तेही सहा वर्षांनी.

मंगळवारी संध्याकाळी त्या केरळच्या पोराचं पत्र आलं. काय झालं, कुठं झालं, देह कधी पाठवतील, असं सगळं. नानांनी ते वाचलं, आप्पांना फोनवर सांगितलं आणि पत्र पुसून टाकलं. आपल्याकडे मयताचं कार्ड वाचलं की दारातच फाडतात, घरात घेत नाहीत. नानांच्या हातून नोकरीत अशी हजारो कार्डं गेली असतील, कोपरा फाडलेली. त्यांना या पत्राचं वेगळं काही करायला हवं असं वाटलंच नाही. ईमेलला दार नसतं आणि उंबराही नसतो, पण नानांना तो दिसत होता.

आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "नाना, त्याचं जे काय असंल ते काढून टाका. तिच्या नजरेला काही पडायला नको. मी घरातलं काढतो." घरी आप्पांनी खरंच तसं केलं. फोटो उतरवले, शर्ट देऊन टाकले, त्याची सायकलसुद्धा कोणाला तरी दिली. आईचा जीव अडकतो, असं वस्तीतल्या चार बायकाही म्हणाल्या. दुःख झालेल्या घरात सगळेच शहाणे असतात, फक्त ज्याचं दुःख आहे त्याला कोणी विचारत नाही. मला आजही याचा संताप येतो.

नानांनी "रविराज" खण उघडला. वरचं पत्र ठळक अक्षरात होतं, म्हणजे न वाचलेलं. त्यांनी ते बघितलं. बघितलं नाही असं ते कधी म्हणाले नाहीत. माउसवर हात ठेवून बराच वेळ बसले. त्यांच्या मनात आलं, हे मी उघडलं तर वाचणार, वाचलं तर वहिनींना सांगावं लागणार, आणि काल जिवंत असलेल्या पोराचं पत्र त्याच्या आईला मी कुठल्या तोंडानं वाचून दाखवू? नोकरीत शिकलेला नियम त्या वेळी त्यांच्या मदतीला धावून आला. पाकीट फोडायचं नाही. त्यांनी सगळा खण पुसला. निघताना रोजच्या सवयीनं कचऱ्याची पेटी रिकामी केली. त्या सवयीपायीच आमचं ऑफिस सुरळीत चाललं होतं.

मी परत आले तेव्हा खणांच्या यादीत ते नाव नव्हतं. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "आप्पांनी सांगितलं." मी मान डोलावली. त्यात एक न उघडलेलं पत्र होतं हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

तेराव्यानंतरच्या बुधवारी सखुबाई आली. पाटी नव्हती, फुलं नव्हती. बाजाराला ती गेलीच नव्हती, घरून सरळ इथं आली होती. फरशीवर बसली आणि म्हणाली, "नाना, रवी लिहितो म्हणाला होता. आलं का वो काही?"

मला वाटलं, ही जुनी पत्रं ऐकायला आली असेल. नानांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. पोर गेल्याच्या दुःखानं पडला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

"नाय, वहिनी. काही आलं नाय."

"बरं," ती म्हणाली. मग उठताना म्हणाली, "होतो कधी कधी उशीर. टपालाचं काय."

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. नानांना वाटलं, नाही म्हटलं की विषय संपला, बिचारीला एक घाव कमी. पण टपालाच्या जगात "आलं नाही" याचा अर्थ "येईल" असा होतो. सखुबाईच्या लहानपणी मुंबईत गिरणीत असलेल्या भावाचं पत्र पोचायला महिना लागलेला तिनं पाहिला होता. पत्र उशिरा येतं, पावसात अडकतं, दुसऱ्या गावाला जाऊन फिरून येतं. ती पुढच्या बुधवारी आली, त्याच्या पुढच्याही. फुलांचा बाजार परत सुरू केला आणि बाजार झाला की इंदिरानगर. "आलं का वो?" "नाय, वहिनी." उरलेली फुलं कॉम्प्युटरच्या डोक्यावर. नानांनी ती उचलणं बंद केलं होतं.

वर्षभरानं तिनं विचारणंही सोडलं. नुसती यायची, बसायची, पाणी प्यायची, नानांकडे एकदा बघायची. नाना नकारार्थी मान हलवायचे. मला ती दृश्यं बघवायची नाहीत. मी एकदा चिडून नानांना म्हटलं, "तिला सरळ सांगा ना, की आता काही येणार नाही. मेलेला माणूस लिहितो का?" बुधवारी नाना घरून डबा आणायचे आणि तसाच परत न्यायचे. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा मायाळू आहे. मायाळू होतेच ते. पण कधी कधी माया माणसाला इतकी भित्री करते की तिच्यापेक्षा कडक स्वभाव बरा.

२००९ साली आप्पांचा धाकटा मुलगा राज धंद्यात आला. आप्पा थकले होते. राजनं नवीन लॅपटॉप घेतले, कंपनीच्या नावाचा नवीन ईमेल पत्ता घेतला, आणि म्हणाला की जुना पत्ता बंद करायचा, जुनं मशीन भंगारात द्यायचं. नानांना मोतीबिंदू झाला होता. त्यांनाही निरोप द्यायचं ठरलं. राजनं ते नीट केलं, शाल-नारळ आणला, पेढे आणले. दिवस नेमका बुधवार.

सखुबाई आली तेव्हा टेबलावरच्या वायरी काढायचं काम चालू होतं. तिनं विचारलं, हे काय. राजनं सांगितलं, "आई, जुना पत्ता बंद करतोय. आता सगळं टपाल नवीन पत्त्यावर येणार."

"आनि जुन्यावर कोणी धाडलं तर?"

"परत जाईल."

तिनं पाटी खाली ठेवली. "मग बंद करू नको."

"आई, अगं पैसे भरतोय आपण त्याचे. कोणी वापरत नाही तो."

"नको म्हन्ते ना. एक पत्र यायचंय माझं."

राज आधी हसला आणि मग त्याला कळलं, कुठलं पत्र. त्याचाही तोल गेला. भावाचं नाव त्या घरात कोणी घेत नव्हतं, त्या सगळ्या वर्षांचा ताण त्याच्या आवाजात आला. "दादाला जाऊन सहा वर्षं झाली, आई! कुठून येणार पत्र?"

तेव्हा सखुबाईनं ते सांगितलं. उभी होती, हळूहळू खाली बसली आणि फरशीकडे बघत बोलली. रविवारचा फोन. आडगावची मुलगी. "मी त्याला म्हन्ले, मी मेले तरी येऊ नको. तो म्हनला, लिहितो. लिहिलं असतं तर आलं असतं. नाय आलं म्हंजी त्यानं लिहिलंच नाय. माझा राग मनात धरून गेलं माझं पोरगं. मी तरी दर बुधवारी येते, म्हन्लं, एखादं वाटंत अडकलेलं असंल."

राज भिंतीला टेकला. मी पेढ्यांचं खोकं हातात धरून तशीच उभी. आणि नाना, ज्यांच्या खांद्यावर अजून शाल होती, ते खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, टेबलाला धरून बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "पत्र आलं होतं."

तिनं वर बघितलं.

"सोमवारीच आलं होतं. चारच्या टपालाला. मी खणात टाकलं. मंगळवारी ते आप्पांचं... मी उघडलं नाय. वाचलं नाय. पुसलं मी ते. आनि तुमाला नाय म्हन्लं."

मला वाटलं, आता ही बाई त्यांच्या तोंडावर पाटी फेकून मारणार. मारली असती तर मी अडवलं नसतं. सहा वर्षं! त्या माणसाला वाटत होतं, आपण तिचं एक दुःख वाचवतोय. आणि त्यांच्या त्या एका "नाही"नं तिला दर बुधवारी सांगितलं होतं, की तुझा मुलगा तुझ्यावर रागावून मेला. पत्रात काय होतं ते सांगायची गरजच नव्हती. आलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"आलं होतं?" सखुबाईनं विचारलं.

"हो."

"त्यानंच लिहिलेलं? घर म्हनून?"

"हो, वहिनी. घर म्हनून."

ती माझ्याकडे वळली. "मंजुषा, राग असता तर लिहिलं असतं का गं त्यानं? दुसऱ्याच दिवशी?"

"नाही, काकू," मी म्हटलं. "रागावलेला माणूस आठ दिवस लिहीत नाही."

"तेच," ती म्हणाली. "तेच म्हन्ते मी." आणि मग ती रडली. तेराव्यालासुद्धा ती अशी रडली नव्हती, असं राज मला नंतर म्हणाला. नाना तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते. त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तरी ती कुठं पुरणार होती? मी त्यांच्याबरोबर दहा वर्षं काम केलं, पण त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितकीच त्यांची कीव आली, आणि त्या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकमेकींपासून सुटलेल्या नाहीत.

ते पत्र परत मिळवायचे प्रयत्न राजनं पुढं पुष्कळ केले. जुनं मशीन तो कॉलेज रोडच्या एका माणसाकडे घेऊन गेला, दुबईला त्या केरळच्या मित्राला शोधून फोन केला. काही निघालं नाही. रविराजचं खातं फुकटातलं होतं, ते कधीच बंद पडलं होतं. त्या पत्रात काय होतं ते कोणालाही कळणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी सखुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नाना, तुमचाच नियम हाय ना, उत्तर गेल्याबिगर पत्र मिटत नाय?"

नानांनी मान डोलावली.

"मग उत्तर राहिलंय की त्याचं. लिहा."

राज काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात धरला. काढलेल्या वायरी त्यानंच परत जोडल्या. नाना खुर्चीत बसले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी तोंड पडद्याजवळ नेलं. तो पत्ता त्यांना पाठ होता. विषयाच्या जागी त्यांनी "घर" लिहिलं.

"रविराज, तुझं पत्र मिळालं," सखुबाई म्हणाली.

नानांनी ते लिहिलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही.

"मी रागावले नाय. तू बी रागावू नको." ती थांबली. नानांकडे बघितलं, त्यांच्या पाठीकडे, कीबोर्डवर थांबलेल्या बोटांकडे. मग म्हणाली, "उत्तराला उशीर झाला. त्यात कोनाची चूक नाय. टपाल वाटंत अडकलं होतं. असं लिहा."

आपल्या हातून एक पत्र कधी अडकलं नाही, ही नानांची सगळ्या जन्माची फुशारकी. पळशात, स्टेशनावर, ऑफिसात, कुठंही कोणी टपालाला नावं ठेवली की ते भांडायला उठायचे. त्या दुपारी त्यांनी एकेक अक्षर शोधत ते वाक्य लिहिलं, की टपाल वाटेत अडकलं होतं. आणि तिला वाचून दाखवलं.